पदकाच्या कडेवरचे नाव : साध्या शिपायाच्या सन्मानाचा इतिहास

लष्करी पदकाची दर्शनी बाजू राज्याची असते. साम्राज्याच्या काळात तेथे राजाचा किंवा राणीचा मुखवटा असे. आज तेथे अशोकस्तंभाची राजमुद्रा असते. मागील बाजूस मोहिमेचे किंवा पदकाचे नाव. ज्याच्या छातीवर ते पदक लागले त्याचा उल्लेख या दोन्ही बाजूंवर सहसा सापडत नाही. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही माहिती पदकाच्या अरुंद कडेवर, बारीक अक्षरांत उमटवलेली असते. बहुसंख्य शिपायांच्या बाबतीत लष्करी इतिहासात त्यांच्या नावाला मिळालेली जागा एवढीच.

ही जागाही सहजासहजी मिळालेली नाही. लढाई शिपायांच्या बळावर जिंकायची आणि सन्मान सेनापतीला व सरदारांना द्यायचे, ही जगभरच्या सैन्यांची शतकानुशतकांची रीत होती. शिपायाला पदक द्यावे की नाही, द्यायचे तर कोणत्या धातूचे, अधिकाऱ्याला मिळते तेच पदक त्याला द्यावे का आणि गोऱ्या शिपायाचे पदक काळ्या शिपायाला चालेल का, हे प्रश्न सुटण्यास जवळजवळ दोन शतके लागली. भारतीय शिपायाच्या वाटेत तर हुद्दा आणि वर्ण असे दोन अडसर होते.

पदकांपूर्वीचा काळ

पदक ही कल्पना युरोपातून आली. त्यापूर्वी आपल्याकडे पराक्रमाची कदर होत नव्हती असे नाही. कडे, तुरा, शेला-पागोटे, घोडा, इनाम जमीन आणि वतन ही तिची रूपे होती. मात्र यातील बहुतेक मान सरदार-मानकऱ्यांपर्यंत थांबत. सामान्य शिपायाची दखल घेतल्याचे एक महत्त्वाचे उदाहरण सभासद बखरीत आढळते. अफझलखानाच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांनी लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले, ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निमे वेतन लावून दिले आणि जखमींना जखमेचे स्वरूप पाहून २५ ते २०० होन दिले, असे कृष्णाजी अनंत सभासद सांगतो. येथे बक्षिसाचे माप हुद्द्यावर नव्हे, तर जखमेवर ठरले होते. पुढे पदकांच्या व्यवस्थेला हे तत्त्व मान्य होण्यास फार काळ जावा लागला.

युरोपात १६५० मध्ये डनबारच्या लढाईनंतर क्रॉमवेलच्या सैन्यातील अधिकारी व शिपाई या दोघांसाठीही पदक काढण्यात आले. हा प्रकार अपवादात्मकच ठरला. १७८२ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी साध्या सैनिकांसाठी जांभळ्या कापडाचे हृदयाच्या आकाराचे सन्मानचिन्ह सुरू केले. ते मिळाल्याची नोंद केवळ तिघांचीच सापडते. नेपोलियनने १८०२ मध्ये स्थापन केलेला ‘लीजन ऑफ ऑनर’ आणि प्रशियाच्या राजाने १८१३ मध्ये सुरू केलेला ‘आयर्न क्रॉस’ हे दोन्ही सन्मान हुद्द्याचा भेद न करता देण्याचे ठरले, तेव्हा या विचाराला राजमान्यता मिळाली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर सक्तीच्या भरतीने उभी राहिलेली प्रचंड सैन्ये केवळ पगारावर लढवणे शक्य नव्हते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते.

कंपनी सरकारची पदके

भारतीय शिपायाला पदक मिळाले ते मात्र यापूर्वीच, आणि तेही मराठ्यांविरुद्धच्या युद्धाच्या निमित्ताने. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात मुंबईकर इंग्रजांच्या मदतीसाठी बंगालमधून एक फौज निघाली. १७७८ मध्ये काल्पीहून कूच केलेली ही फौज आधी लेस्ली आणि नंतर गॉडर्ड यांच्या नेतृत्वाखाली मध्य भारत ओलांडून १७७९ च्या आरंभी सुरतेला पोहोचली. युद्ध संपल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने या व अन्य बंगाली पलटणींतील देशी अधिकारी व शिपायांसाठी ‘डेक्कन मेडल’ काढले. त्यावर फार्सी मजकूर होता. पदक सोन्याचे व चांदीचे अशा दोन धातूंत, हुद्द्यानुसार देण्यात आले. आपल्या घरापासून शेकडो कोस दूर लढायला गेलेल्या शिपायाला पलटणीशी बांधून ठेवण्याची गरज कंपनीने ओळखली होती.

धातूची ही उतरंड पुढे अधिकच ठळक झाली. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव करणाऱ्या फौजेसाठी श्रीरंगपट्टणचे पदक काढण्यात आले. वाघाला लोळवणारा सिंह हे त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. हे पदक एकाच छापाचे असले तरी पाच प्रकारांत होते. सर्वोच्च अधिकाऱ्यांना सोन्याचे, त्याखालोखाल सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीचे, नंतर चांदीचे, मग कांस्याचे आणि अगदी तळाशी असलेल्या साध्या शिपायाला कथिलाचे. ही पदके प्रत्यक्ष हाती पडण्यास १८०८ साल उजाडले. तटाला लावलेल्या शिडीवर सर्वात पुढे असणाऱ्याच्या वाट्याला कथील यावे, यात त्या काळात कोणाला विसंगती वाटली नसावी.

इंग्लंडमध्ये १८१५ च्या वॉटर्लू लढाईनंतर ही रीत प्रथम मोडली. सेनापतीपासून शिपायापर्यंत प्रत्येकाला एकाच चांदीचे, एकाच आकाराचे पदक देण्यात आले. मारल्या गेलेल्यांच्या वारसांनाही ते मिळाले. पदकाच्या कडेवर यंत्राने प्रत्येकाचे नाव उमटवण्याची पद्धतही या पदकाने रूढ केली. भारतात १८३९ च्या गझनी मोहिमेसाठी दिलेले पदक सर्व हुद्द्यांना एकसारखे चांदीचे होते.

तेहतीस वर्षांनी आलेले पदक

महाराष्ट्राच्या दृष्टीने १८५१ मध्ये मंजूर झालेले ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ विशेष महत्त्वाचे आहे. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ते पूर्वलक्षी प्रभावाने देण्यात आले. पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसवली जाई. अशा एकूण २१ पट्ट्या होत्या आणि त्यांची यादी म्हणजे मराठेशाहीच्या अस्ताचा नकाशाच आहे. असई, अडगाव, गाविलगड, असीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव ही सारी नावे त्यात आहेत. या लढायांत दोन्ही बाजूंना मराठी बोलणारे शिपाई होते.

मात्र हे पदक केवळ हयात असलेल्यांसाठी होते आणि त्यासाठी अर्ज करावा लागे. खडकी-कोरेगावच्या लढायांना तोपर्यंत ३३ वर्षे लोटली होती. तरुणपणी लढलेला शिपाई आता साठीच्या घरात होता. बरेचसे केव्हाच मरण पावले होते. जे हयात होते त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत ही बातमी आपल्या गावी पोहोचली असेल आणि किती जणांनी इंग्रजी कचेरीत अर्ज केला असेल, याची कल्पना करता येते. या पदकाच्या धारकांत देशी शिपायांचे प्रमाण त्यांच्या प्रत्यक्ष संख्येच्या मानाने अत्यल्प राहिले.

कोरेगावच्या बाबतीत पदकापेक्षा दगडाने नावे अधिक जपली. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमेच्या काठी उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरण्यात आली. त्यांत ‘नाक’ असा शेवट असलेली महार शिपायांची अनेक नावे आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढाऊ जाती’च्या सिद्धांताचा आधार घेऊन इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी पूर्वजांच्या लष्करी सेवेचा दाखला देत ती पुन्हा सुरू करण्याची मागणी केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १ जानेवारी १९२७ रोजी स्तंभाला भेट दिली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या चिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. कोरलेले नाव हा हक्काचा पुरावा कसा ठरू शकतो, याचे हे उदाहरण होय.

शौर्याला वेतनाची जोड

वर उल्लेखिलेली पदके मोहिमेत भाग घेतल्याबद्दलची होती. वैयक्तिक शौर्यासाठी भारतीय शिपायाला स्वतंत्र सन्मान मिळाला तो १८३७ मध्ये. कंपनी सरकारने सुरू केलेली ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हे त्याचे नाव. १९०२ पासून ती ‘इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना होण्यापूर्वी १९ वर्षे हा सन्मान अस्तित्वात आला, ही बाब लक्षणीय आहे. त्या वेळी ब्रिटिश सैन्यातील साध्या शिपायासाठीही शौर्याचे असे कायमस्वरूपी पदक नव्हते.

या सन्मानाचे तीन वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचे पदक चांदीच्या ताऱ्याच्या आकाराचे, पहिल्या वर्गाचे सोन्याचे. रणांगणावर असामान्य धैर्य दाखवल्यास तिसरा वर्ग मिळे. पुन्हा तसाच पराक्रम केल्यास दुसरा आणि त्यानंतर पहिला. म्हणजे सर्वोच्च वर्गासाठी शिपायाला तीनदा मृत्यूच्या तोंडी जावे लागे. मात्र त्याचा आर्थिक लाभ खरा होता. तिसऱ्या वर्गाच्या धारकास वेतनाच्या एक तृतीयांश, दुसऱ्यास दोन तृतीयांश, तर पहिल्यास वेतनाइतकीच जादा रक्कम मिळे. धारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेला तीन वर्षे हा भत्ता चालू राही. गझनीच्या किल्ल्याचा दरवाजा १८३९ मध्ये सुरुंगाने उडवणाऱ्या बंगाल सॅपर्सच्या जवानांचा या सन्मानाच्या पहिल्या मानकऱ्यांत समावेश होता.

या सन्मानाचा सर्वात प्रसिद्ध प्रसंग १२ सप्टेंबर १८९७ चा आहे. वायव्य सरहद्दीवरील सारागढी या छोट्या ठाण्यावर हवालदार ईशर सिंग यांच्यासह ३६ व्या शीख पलटणीचे २१ जवान हजारो पठाणांशी लढता लढता मारले गेले. शेवटचा माणूस पडेपर्यंतची हकिगत गुरमुख सिंग या जवानाने सूर्यप्रकाशाच्या संदेशयंत्राने, म्हणजे हेलिओग्राफने, लॉकहार्ट किल्ल्याला कळवली होती. एकविसांनाही ऑर्डर ऑफ मेरिटचा तिसरा वर्ग देण्यात आला. यापेक्षा मोठा सन्मान त्यांना देता आला नसता, कारण व्हिक्टोरिया क्रॉस भारतीय शिपायासाठी खुलाच नव्हता.

व्हिक्टोरिया क्रॉसचे बंद दार

क्रिमियाच्या युद्धाच्या काळात २९ जानेवारी १८५६ रोजी व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना झाली. त्यापूर्वी १८५४ मध्ये ब्रिटिश शिपायांसाठी ‘डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल’ सुरू झाले होते, पण ते केवळ शिपायांचेच होते. व्हिक्टोरिया क्रॉसने हुद्द्याची भिंत पाडली. हे पदक सोन्याचांदीचे नव्हे, तर तोफेच्या कांस्याचे होते आणि अधिकारी व शिपाई यांना एकच होते. २६ जून १८५७ रोजी लंडनच्या हाईड पार्कमध्ये राणी व्हिक्टोरियाने ६२ जणांना ते स्वहस्ते प्रदान केले. अधिकारी नसलेल्या मानकऱ्यास वर्षाला १० पौंडांचे निवृत्तिवेतनही मंजूर झाले होते.

या सन्मानाच्या सनदेत एक विलक्षण तरतूद होती. एखाद्या तुकडीतील सर्वांनीच सारखे शौर्य गाजवले तर मानकरी कोण, याची निवड त्या तुकडीतील लोकांनीच मतदानाने करावी. अधिकाऱ्यांनी एक अधिकारी निवडावा, बिनसनदी अधिकाऱ्यांनी आपल्यातील एक आणि साध्या शिपायांनी आपल्यातील दोघे. १८५७ च्या उठावातील लढायांत या पद्धतीने अनेक क्रॉस देण्यात आले. आपला शूर सोबती कोण, हे ठरवण्याचा अधिकार शिपायाच्या हाती देणारी ही तरतूद होती.

मात्र हा अधिकार गोऱ्या शिपायापुरताच होता. त्याच लढाईत, त्याच खंदकात लढणाऱ्या भारतीय शिपायासाठी ऑर्डर ऑफ मेरिट आहे, असे कारण पुढे करून व्हिक्टोरिया क्रॉस त्याला नाकारला जाई. १९०७ मध्ये भारतीय सैन्यासाठी ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ हे आणखी एक पदक सुरू झाले, पण मूळ भेद तसाच राहिला. अखेर डिसेंबर १९११ मध्ये दिल्ली दरबारात सम्राट पंचम जॉर्जने भारतीय सैनिकांना व्हिक्टोरिया क्रॉस खुला केल्याचे जाहीर केले. स्थापनेपासून यासाठी ५५ वर्षे लागली.

तीन वर्षांच्या आतच त्याचा प्रत्यय आला. ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी बेल्जियममधील होलेबेक येथे १२९ व्या बलुची पलटणीचे शिपाई खुदादाद खान यांनी सोबतचे सर्व गोलंदाज मारले गेल्यावरही मशीनगन चालू ठेवली. ते पहिले भारतीय मानकरी ठरले. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये गढवाल रायफल्सचे नाईक दरवान सिंग नेगी यांना हा सन्मान मिळाला.

पहिल्या महायुद्धानंतरही धातूची उतरंड संपूर्णपणे गेली नव्हती. सैनिकांना मिळालेले ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे होते. त्याच युद्धात रस्ते बांधणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या भारतीय, चिनी आणि इतर मजूर तुकड्यांना तेच पदक कांस्याचे देण्यात आले.

पळसगाव ते मोंतोने

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे हे त्यांतील पहिले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे वगळता बाकी सर्वजण मारले गेले किंवा जखमी झाले. मागे न हटता ते एकटेच मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब, नंतर टॉमीगन. आणि गोळ्या संपल्यावर नवी मॅगझीन भरण्यास वेळ नाही हे पाहून बंदूक उलटी धरून तिच्या दस्त्याने त्यांनी उरलेल्या दोघांना लोळवले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्यांनी त्यांचा तेथेच अंत झाला. त्या वेळी ते २२ वर्षांचे होते. त्यांना स्वतंत्र थडगे नाही. इटलीतील कॅसिनो स्मारकावर त्यांचे नाव आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीच्या पेरुजिया प्रांतातील मोंतोने या गावी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचे स्मारक उभारण्यात आले.

दुसरे मानकरी शिपाई नामदेव जाधव. मूळचे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना ते कंपनीचे निरोप्या म्हणून काम करीत होते. समोरून मशीनगनचा भडिमार, खाली भूसुरुंग, अशा स्थितीत त्यांनी दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून सुरक्षित जागी नेले. मग ते एकटेच परतले आणि शत्रूची मशीनगनची ठाणी निकामी केली. हाताला गोळी लागून टॉमीगन चालवणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी हातबॉम्बने लढाई चालू ठेवली. शेवटी नदीच्या उंच बांधावर चढून शिवरायांच्या नावाचा जयघोष करीत त्यांनी बाकीच्यांना पुढे येण्याची खूण केली. जाधव युद्धातून परतले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले.

परमवीर चक्र : एकच माप

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश सन्मान बंद झाले आणि २६ जानेवारी १९५० रोजी परमवीर चक्र, महावीर चक्र व वीरचक्र यांची स्थापना झाली. १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमासाठी ती पूर्वलक्षी प्रभावाने देण्याचे ठरले. परमवीर चक्राचे संकल्पचित्र मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या विनंतीवरून सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केले. मूळच्या इव्ह इव्हॉन मॅडे डी मारोस असलेल्या सावित्रीबाईंचा जन्म १९१३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झाला. लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून त्या भारतीय झाल्या आणि त्यांनी संस्कृत व भारतीय परंपरेचा गाढा अभ्यास केला. वृत्रासुराच्या वधासाठी स्वतःच्या अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींची कथा त्यांच्यासमोर होती. म्हणून या पदकावर राजमुद्रेभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिमा आहेत. पदक कांस्याचे, फीत जांभळी.

या नव्या पदकांचे सर्वात महत्त्वाचे वैशिष्ट्य मात्र चित्रात नव्हे, नियमात होते. ब्रिटिश व्यवस्थेत व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालच्या पायरीवर भेदभाव कायम होता. एकाच कामगिरीसाठी अधिकाऱ्याला ‘मिलिटरी क्रॉस’, तर शिपायाला ‘मिलिटरी मेडल’ मिळे. भारताने हा भेद पूर्णपणे काढून टाकला. युद्धातील शौर्याची तिन्ही चक्रे सर्व हुद्द्यांना समान ठेवली. खुद्द ब्रिटनने मिलिटरी मेडल रद्द करून मिलिटरी क्रॉस सर्वांना खुला केला तो १९९३ मध्ये, म्हणजे भारतानंतर ४३ वर्षांनी.

हा बदल एकाच माणसाच्या आयुष्यात पाहायचा तर लान्स नाईक करम सिंग यांचे उदाहरण घ्यावे लागेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातील शौर्याबद्दल त्यांना शिपायांसाठी राखीव असलेले मिलिटरी मेडल मिळाले होते. १९४८ मध्ये टिथवाल येथील लढाईसाठी त्यांना परमवीर चक्र मिळाले. मेजर सोमनाथ शर्मा यांना जे मिळाले, तेच.

महाराष्ट्राशी संबंधित दुसरे उदाहरण राम राघोबा राणे यांचे. कारवारजवळच्या चेंडिया येथे जन्मलेले राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनियर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरील भूसुरुंग व अडथळे त्यांनी शत्रूच्या माऱ्याखाली दूर केले. रणगाडा पुढे सरकत असताना त्याच्या खालून सरपटत, दोराने चालकाला खुणा करीत त्यांनी वाट काढून दिली. राजौरीचा रस्ता मोकळा झाला. जखमी अवस्थेतही काम न थांबवणाऱ्या राणे यांना परमवीर चक्राने गौरवण्यात आले. १९९४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

आजवर २१ जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. या एकविसांत १२ सनदी अधिकारी आहेत. उरलेल्या नऊंपैकी दोघे सुभेदार-नायब सुभेदार आणि सात जण हवालदार, नाईक किंवा साधे जवान. १९६५ मध्ये खेमकरण भागात जीपवरील तोफेने रणगाडे उडवणारे अब्दुल हमीद, १९७१ मध्ये गंगासागरच्या लढाईतील आल्बर्ट एक्का, १९९९ च्या कारगिल युद्धातील ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव व रायफलमन संजय कुमार ही त्यांतील परिचित नावे. टायगर हिलवर लढताना यादव १९ वर्षांचे होते. त्यांचे पदक प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले; नंतर ते इस्पितळात जिवंत असल्याचे निष्पन्न झाले.

साक्षीदार हवा

नियम समान झाले, तरी पदकाची वाट सरळ झाली असे म्हणता येणार नाही. शौर्यपदकासाठी युनिटच्या प्रमुखाने शिफारस लिहावी लागते. ती ब्रिगेड, डिव्हिजन अशा पायऱ्या चढत सेना मुख्यालयात व तेथून संरक्षण मंत्रालयात जाते आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर पदक जाहीर होते. या सर्वाचा पाया एकच असतो, तो म्हणजे घडले ते कोणीतरी पाहिले पाहिजे आणि नीट लिहिले पाहिजे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमधील रेझांग ला येथे १३ कुमाऊंच्या एका कंपनीतील शंभराहून अधिक जवान मारले गेले. जे थोडे वाचले त्यांच्या हकिगतीवर आरंभी विश्वास ठेवला गेला नाही. हिवाळ्यानंतर त्या जागी पोहोचलेल्यांना खंदकांत हाती शस्त्रे असलेले गोठलेले देह आढळले, तेव्हा ती हकिगत खरी ठरली. कंपनीचे प्रमुख मेजर शैतान सिंग यांना परमवीर चक्र आणि अनेक जवानांना इतर शौर्यपदके मिळाली. सारागढीला हेलिओग्राफने जे केले, ते येथे बर्फाने केले. जेथे असे काहीच मागे उरत नाही, तेथे पराक्रम शिफारशीच्या कागदापर्यंत पोहोचत नाही.

दुसरा प्रश्न पदकानंतरच्या आयुष्याचा. केंद्र सरकारकडून शौर्यपदकधारकांना मासिक भत्ता मिळतो. ऑगस्ट २०१७ पासून तो दुप्पट करण्यात आला; परमवीर चक्रासाठी १० हजारांचे २० हजार, महावीर चक्रासाठी पाच हजारांचे १० हजार, वीरचक्रासाठी साडेतीन हजारांचे सात हजार रुपये झाले. याशिवाय राज्य सरकारे आपापल्या जवानांना रोख अनुदान किंवा जमीन देतात. त्यांच्या रकमा राज्याराज्यांत वेगवेगळ्या असल्याने, एकाच लढाईत एकच पदक मिळवणाऱ्या दोन जवानांच्या कुटुंबांच्या पदरी पडणारी मदत सारखी नसते. पदक एकसारखे झाले. त्यामागचा आधार अद्याप पत्त्यावर अवलंबून आहे. शिपायाच्या घराच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. १८३७ च्या ऑर्डर ऑफ मेरिटचे मोल शिपायाने जाणले ते त्यासोबतच्या वाढीव वेतनामुळेही.

नवी दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन झाले. तेथील ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात प्राणार्पण केलेल्या २५ हजारांहून अधिक सैनिकांची नावे आहेत. त्यांतील बहुसंख्यांना शौर्यपदक मिळालेले नाही.

ठळक टप्पे

१७८४ : डेक्कन मेडल, कंपनीच्या देशी शिपायांना पदक
१७९९ : श्रीरंगपट्टण मोहीम, हुद्द्यानुसार पाच प्रकारांत पदक
१८१५ : वॉटर्लू, सर्व हुद्द्यांना एकच पदक, कडेवर नाव
१८३७ : ऑर्डर ऑफ मेरिट, भारतीय शिपायासाठी शौर्यसन्मान
१८५१ : आर्मी ऑफ इंडिया मेडल, खडकी, कोरेगाव, सीताबर्डी आदी पट्ट्या
१८५६ : व्हिक्टोरिया क्रॉसची स्थापना
१९०७ : इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल
१९११ : व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना खुला
१९१४ : खुदादाद खान पहिले भारतीय मानकरी
१९४४-४५ : यशवंत घाडगे (मरणोत्तर) व नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस
१९५० : परमवीर, महावीर व वीरचक्र; सर्व हुद्द्यांना समान
१९५२ : शांतताकाळातील शौर्यासाठी अशोक चक्र मालिका
१९६० : सेना मेडल
१९९९ : कारगिल युद्ध, चार परमवीर चक्रे, त्यांपैकी दोन जवानांना